म्हशीला टोचलेलं एक इंजेक्शन अनोळखी माणसाच्या जिवावर कसं बेततं? गिधाडांच्या ऱ्हासाची साखळी समजून घ्या

भटक्या कुत्र्यांचं करायचं काय, यावरून २०२५ मध्ये देशभर वाद पेटला. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि आसपासच्या शहरांतली भटकी कुत्री पकडून निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं. २२ ऑगस्टला या आदेशात बदल झाला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्र्यांना मूळ जागी सोडा, फक्त पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री सोडू नका, असं न्यायालय म्हणालं. त्यानंतर ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बस स्थानकं आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातून कुत्री हटवण्याचा आदेश आला.

या वादाला कारणही तसंच आहे. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून जास्त घटनांची नोंद झाली.

टीव्हीवरच्या चर्चांमध्ये श्वानप्रेमी होते, चावा घेतलेल्या मुलांचे पालक होते, महापालिकांचे अधिकारी होते. मात्र या प्रश्नाशी जवळचं नातं असलेल्या एका पक्ष्याचं नाव क्वचितच कुणी घेतलं. तो पक्षी म्हणजे गिधाड.

गिधाड आणि कुत्रा यांचा संबंध काय? आणि त्यात गोठ्यातल्या म्हशीचं इंजेक्शन कुठून आलं? हे समजून घ्यायचं तर तीस वर्षं मागे जावं लागेल. एका गावातल्या माणसाने केलेली साधी, रोजची कृती दुसऱ्या गावातल्या माणसाच्या आयुष्यापर्यंत कशी पोहोचते, याचं इतकं तपशिलात अभ्यासलेलं उदाहरण भारतात दुसरं सापडणं कठीण आहे.

सुरुवात गोठ्यापासून

डायक्लोफिनॅक हे नाव बहुतेकांच्या ओळखीचं आहे. पाठ धरली, गुडघा सुजला, दाढ दुखली की हे वेदनाशामक दिलं जातं. माणसांसाठी ते अनेक दशकं वापरात आहे.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला या औषधाचं पेटंट संपलं. अनेक भारतीय कंपन्या ते बनवू लागल्या, किंमत घसरली आणि ते जनावरांनाही परवडू लागलं. गाय लंगडते, बैलाच्या खांद्याला सूज आली, म्हशीला ताप आहे, कासदाह झालाय, अशा कुठल्याही तक्रारीवर डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन मिळू लागलं. जनावराला लगेच आराम पडायचा. दूध सुरू राहायचं, नांगरट थांबायची नाही.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर यात वावगं काहीच नव्हतं. दोन-तीन जनावरांवर घर चालणाऱ्या कुटुंबाला दुभती म्हैस आठवडाभर बसून राहणं परवडत नाही. औषध स्वस्त होतं, कायदेशीर होतं आणि गुण देत होतं.

अडचण जनावर जगलं तर नव्हती. औषध दिल्यावर थोड्याच दिवसांत जनावर मेलं, तर त्याच्या यकृतात आणि मूत्रपिंडात डायक्लोफिनॅकचा अंश शिल्लक राहायचा. गावाच्या रिवाजाप्रमाणे ते मढं गावाबाहेर ठरलेल्या जागी टाकलं जायचं. मग तिथे गिधाडं उतरायची.

गिधाडं मरतायत, हे कधी लक्षात आलं?

१९८०च्या दशकात पांढऱ्या पाठीचं गिधाड हा बहुधा जगातला सर्वाधिक संख्येने आढळणारा मोठा शिकारी पक्षी असावा, असं पक्षितज्ज्ञ म्हणत. गावाच्या वेशीवरच्या झाडांवर, शहरांतल्या कत्तलखान्यांभोवती त्यांचे थवेच्या थवे बसलेले असत.

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे (बीएनएचएस) शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांना काही तरी बिनसल्याचं जाणवलं. गिधाडं माना खाली टाकून फांद्यांवर बसून राहत होती आणि मरत होती. घरटी ओस पडत होती.

पुढच्या गणनांनी हादरा दिला. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे एक हजार गिधाडांमागे एक उरलं. लांब चोचीचं आणि निमुळत्या चोचीचं गिधाड या दोन जातींमधली घट जवळपास ९७ टक्के होती.

सुरुवातीला संशय एखाद्या विषाणूवर होता. उत्तर मिळालं ते पाकिस्तानातल्या पंजाबमध्ये. अमेरिकी पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे मेलेल्या गिधाडांची तपासणी केली. बहुतेक पक्ष्यांच्या अवयवांवर युरिक अॅसिडचा पांढरा, खडूसारखा थर साचला होता. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. अशा पक्ष्यांच्या शरीरात डायक्लोफिनॅक सापडलं. २००४च्या जानेवारीत ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

गायीची सूज उतरवणारं औषध गिधाडासाठी जालीम विष ठरत होतं. ते जनावरांसाठी बाजारात आलं तेव्हा गिधाडांवर त्याचा काय परिणाम होईल, हे कुणी तपासलंच नव्हतं.

सगळेच तर हे औषध देत नव्हते, मग इतका फटका कसा?

अनेकांना असं वाटेल की देशातल्या बहुतांश जनावरांना हे औषध टोचलं जात असणार, म्हणूनच गिधाडं संपली. वस्तुस्थिती वेगळी आहे.

शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये गणित मांडलं, तेव्हा निघालेला आकडा विश्वास बसू नये इतका लहान होता. एकूण मढ्यांपैकी एक टक्क्याहूनही कमी मढ्यांमध्ये औषधाचं घातक प्रमाण असलं, तरी गिधाडांची एवढी पडझड होण्यासाठी ते पुरेसं होतं.

हे कसं शक्य आहे? सोपा हिशेब करून पाहू. समजा, दर २०० मढ्यांपैकी फक्त एकाच मढ्यात विष आहे आणि गिधाड साधारण तीन दिवसांनी एकदा पोटभर जेवतं. म्हणजे वर्षाला सुमारे १२० जेवणं. प्रत्येक जेवणात वाचण्याची शक्यता ९९.५ टक्के, म्हणजे जवळपास खात्रीच. पण हाच जुगार लागोपाठ १२० वेळा खेळला, तर वर्षअखेरीस जिवंत राहण्याची शक्यता ५५ टक्क्यांवर येते. जवळपास निम्मी गिधाडं एका वर्षात संपतात.

त्यात गिधाडं एकटी जेवत नाहीत. एका मढ्यावर डझनावारी पक्षी उतरतात. एक विषारी मढं अख्खा थवा आडवा करू शकतं. शिवाय गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू प्रजननक्षम व्हायला साधारण पाच वर्षं लागतात. त्यामुळे गेलेली संख्या भरून निघण्याचा वेग फारच कमी.

या गणिताचा अर्थ नीट पाहायला हवा. एरवी ‘बहुतेक लोक नीट वागले की झालं’ असं आपण धरून चालतो. या साखळीत ते लागू होत नाही. दोनशेपैकी १९९ मढी निर्धोक असली, तरी उरलेलं एक मढं पुरेसं ठरतं. आणि ते एक जनावर ज्याच्या गोठ्यातलं असतं, त्यालाही याची कल्पना नसते.

गिधाडं गेल्यावर मढ्यांचं काय झालं?

२०१९च्या पशुगणनेनुसार भारतात १९ कोटींहून जास्त गायी-बैल आणि जवळपास ११ कोटी म्हशी आहेत. एवढ्या जनावरांमधली दरवर्षी मरणारी जनावरं कुठे जातात, हा प्रश्न जुन्या काळी कुणाला पडत नसे, कारण ते काम फुकटात होत होतं.

गावात जनावर मेलं की कातडी काढणारे कातडी नेत. मांस गिधाडं संपवत. गिधाडांचा मोठा थवा तासाभरात अख्ख्या गायीचा सांगाडा उरवत असे. मग हाडं गोळा करणारे येऊन ती हाडं खत आणि जिलेटिनच्या कारखान्यांसाठी नेत. गिधाडाच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की सडक्या मांसातले बहुतेक रोगजंतू तिथेच मरतात.

गिधाडं नाहीशी झाली आणि ही घडी विस्कटली. मढी दिवसेंदिवस पडून सडू लागली. हाडं गोळा करून पोट भरणाऱ्यांना स्वच्छ हाडं मिळेनाशी झाली. कुठे मढी ओढ्या-नाल्यांत ढकलली गेली, तर कुठे ती कुजून त्यातली घाण पावसाबरोबर पाण्यात उतरली.

आणि गिधाडांची पंगत रिकामी झाल्यावर तिथे कुत्री येऊन बसली. कुत्रं मढं पूर्ण संपवत नाही. गिधाडासारखे त्याच्या पोटात रोगजंतू मरत नाहीत. उलट, रेबीजचा विषाणू ते स्वतः वाहून नेऊ शकतं. अर्थतज्ज्ञ अनिल मार्कंड्य आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये केलेल्या अभ्यासात, गिधाडांच्या ऱ्हासामुळे कुत्र्यांची संख्या वाढून १९९२ ते २००६ या काळात रेबीजने सुमारे ४८ हजार जादा मृत्यू झाले असावेत, असा अंदाज मांडला होता.

पाच लाख मृत्यूंचा आकडा कुठून आला?

२०२४ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या अर्थशास्त्रातल्या अग्रगण्य नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. शिकागो विद्यापीठाचे इयल फ्रँक आणि वॉरिक विद्यापीठाचे अनंत सुदर्शन हे त्याचे लेखक.

त्यांनी भारतातल्या जिल्ह्यांचे दोन गट केले. एक, जिथलं हवामान आणि भूभाग गिधाडांना मानवतो असे जिल्हे. दुसरा, जिथे मुळातच गिधाडं कमी असणार असे जिल्हे. मग डायक्लोफिनॅक जनावरांसाठी सर्रास वापरात येण्याआधीचा आणि नंतरचा मृत्युदर तपासला.

आधी दोन्ही गटांची वाटचाल सारखीच होती. नंतर मात्र फाटा फुटला. जिथे पूर्वी गिधाडं भरपूर होती, त्या जिल्ह्यांमध्ये माणसांचा मृत्युदर चार टक्क्यांहून जास्त वाढला. त्याच जिल्ह्यांत रेबीजच्या लशींची विक्री वाढल्याचं आणि पाण्याचा दर्जा घसरल्याचंही दिसलं.

या हिशेबाने २००० ते २००५ या काळात दरवर्षी सुमारे एक लाख, म्हणजे एकूण पाच लाखांच्या आसपास जादा मृत्यू झाले. जीवितहानीचं पैशातलं मूल्य त्यांनी वर्षाला ६९.४ अब्ज डॉलर इतकं काढलं. हा प्रत्यक्ष झालेला खर्च नाही. अकाली गेलेल्या आयुष्यांचं मोल ठरवण्याची अर्थशास्त्रात जी पद्धत आहे, त्यातून आलेला तो आकडा आहे.

इथे एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. हा सांख्यिकी अंदाज आहे. अमुक गावातला अमुक माणूस गिधाडं नव्हती म्हणून गेला, असं कुणाच्याही बाबतीत बोट दाखवून सांगता येत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर अतिसार किंवा रेबीज लिहिलेलं असतं. त्यामागे कुठल्या गोठ्यातलं इंजेक्शन होतं, हे त्यावर येत नाही.

म्हणूनच ही साखळी इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही. इंजेक्शन देणाऱ्याला त्याचा परिणाम दिसत नव्हता आणि परिणाम भोगणाऱ्याला त्याचं कारण दिसत नव्हतं.

मुंबईतल्या पारशी समाजाला वेगळा फटका

मृतदेह दखम्यात ठेवून तो गिधाडांच्या हवाली करणं, ही पारशी समाजाची शतकानुशतकांची अंत्यविधीची रीत. मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत हे विधी होतात. गिधाडं गेली आणि या रीतीचा आधारच निघून गेला.

मृतदेह लवकर सुकावेत म्हणून तिथे सूर्यकिरण एकवटणारी उपकरणं बसवण्यात आली. पावसाळ्यात मुंबईत सूर्यदर्शनच दुर्मीळ, त्यामुळे या उपायालाही मर्यादा आल्या. दहनाचा पर्याय निवडणाऱ्या पारशी कुटुंबांसाठी २०१५ मध्ये वरळीत प्रार्थनागृह सुरू झालं. परंपरा सोडायची की धरून ठेवायची, यावर समाजात मतभेद झाले. आप्तांना निरोप कसा द्यायचा, या अत्यंत खासगी प्रश्नाचं उत्तर बदलण्यामागे शेकडो किलोमीटर दूरच्या गोठ्यांमधल्या इंजेक्शनचा वाटा होता.

बंदी घातली, मग प्रश्न सुटला का?

भारत सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या निर्मितीवर बंदी घातली. त्याच सुमारास मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक गिधाडांसाठी सुरक्षित असल्याचं प्रयोगांतून सिद्ध झालं होतं. म्हणजे पर्यायही हातात होता.

पहिले परिणाम चांगले होते. बंदीनंतरच्या दोनेक वर्षांत, तपासलेल्या मढ्यांमध्ये डायक्लोफिनॅक सापडण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. पण एक टक्क्याचं गणित आठवा. निम्म्यावर येणं पुरेसं नव्हतं.

पळवाट माणसांच्या औषधात होती. माणसांसाठीचं डायक्लोफिनॅक कायदेशीर होतं आणि ते ३० मिलिलिटरच्या मोठ्या कुपीत मिळायचं. माणसाला एका वेळी तीन मिलिलिटर लागतं, मोठी कुपी सोयीची होती ती जनावरांना. २००७ ते २०१० या काळात संशोधकांनी ११ राज्यांतल्या अडीचशेहून अधिक औषध दुकानांत गिऱ्हाईक म्हणून जाऊन जनावरांसाठी वेदनाशामक मागितलं. ३६ टक्के दुकानांत त्यांना डायक्लोफिनॅक मिळालं.

अखेर २०१५ मध्ये सरकारने माणसांसाठीची कुपीही एका डोसची, म्हणजे तीन मिलिलिटरची केली. एका गायीसाठी अशा कित्येक कुप्या फोडाव्या लागणार, म्हणजे खर्च आणि कटकट दोन्ही वाढणार. हा निर्णय न्यायालयात गेला आणि २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

तोवर दुसरी औषधं पुढे आली होती. अॅसिक्लोफिनॅकचं गायीच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकच होतं. किटोप्रोफेनही गिधाडांना मारक आहे. या दोन्हींच्या जनावरांसाठीच्या वापरावर २०२३ मध्ये बंदी आली. निमेसुलाइडवर ती यायला २०२४चा डिसेंबर उजाडला.

म्हणजे पहिल्या औषधाचा दोष सिद्ध झाल्यापासून त्याच्या भाईबंदांना आवरायला वीस वर्षं लागली.

मग दोष कुणाचा?

शेतकऱ्याचा? त्याला जनावराच्या वेदना थांबवायच्या होत्या. पशुवैद्यकाचा? त्याने मान्यताप्राप्त औषध दिलं. मेडिकलवाल्याचा? २००६ पूर्वी तो कायदेशीर माल विकत होता. कंपनीचा? तिच्याकडे परवाना होता. गिधाडांवर चाचणी करा, असा नियमच नव्हता.

२००६ पर्यंतच्या काळाबद्दल बोलायचं तर या साखळीत एकही माणूस हेतुपुरस्सर वाईट वागताना दिसत नाही. प्रत्येकाने आपापल्या जागी शहाणपणाचाच निर्णय घेतला होता.

२००६ नंतर मात्र चित्र बदलतं. आता माहिती होती, पर्याय होता, बंदीही होती. तरी दुकानात मोठी कुपी मिळत राहिली. याचं कारण साधं आहे. मेलॉक्सिकॅम सुरुवातीला महाग होतं. जास्तीचे पैसे शेतकऱ्याच्या खिशातून जाणार आणि फायदा मात्र कधीही न भेटलेल्या कुणाला तरी होणार. असा व्यवहार कुणी आपणहून किती दिवस करील?

अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. व्यवहार दोघांमध्ये होतो, किंमत तिसरा मोजतो. अशा ठिकाणी फक्त ‘जागरूक व्हा’ असं सांगून भागत नाही. सुरक्षित औषध सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सहज मिळणारं असावं लागतं. कुपीचा आकार बदलण्याचा उपाय नेमका हेच करत होता. लोकांचं मन वळवण्याऐवजी त्याने चुकीची निवड गैरसोयीची केली.

महाराष्ट्रात आज काय चाललंय?

कोकणात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने रायगड जिल्ह्यात गिधाडांच्या संवर्धनाचं काम केलं. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळच्या खोरीपाड्याला वनविभागाने ‘गिधाड उपाहारगृह’ सुरू केलं. औषधाचा अंश नसलेली मृत जनावरं तिथे गिधाडांसाठी ठेवली जातात. गडचिरोलीतही असे प्रयोग झाले आहेत.

जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोर इथल्या प्रजनन केंद्रात वाढलेली गिधाडं विदर्भात आणली गेली. पांढऱ्या पाठीची ताडोब्यात आणि लांब चोचीची पेंचमध्ये. आधी पिंजऱ्यात ठेवून, मग त्यांना मोकळं सोडण्याची ही योजना आहे.

मात्र पक्षी सोडणं हा अर्धाच भाग. मोकळं सुटलेलं गिधाड शेकडो किलोमीटर भटकतं. अभयारण्याची हद्द त्याला ठाऊक नसते. ते शेवटी कुठल्या तरी गावाच्या वेशीवर उतरणार आणि तिथल्या मढ्यात काय आहे, यावर त्याचं जगणं ठरणार.

शेजारच्या नेपाळचा अनुभव इथे उपयोगी आहे. नवलपरासी जिल्ह्यातल्या पिठौली गावात २००६ मध्ये ‘जटायू रेस्टॉरंट’ सुरू झालं. शेतकऱ्यांकडून म्हातारी जनावरं विकत घ्यायची, ती नैसर्गिकरीत्या मरेपर्यंत सांभाळायची आणि मग गिधाडांसाठी ठेवायची, असा हा उपक्रम. भाकड जनावराचं काय करायचं, हा शेतकऱ्याचा प्रश्न त्याने सोडवला. सोबत, आसपासच्या जिल्ह्यांमधल्या दुकानांतून डायक्लोफिनॅक हटवण्याची मोहीम चालवली गेली. नेपाळमध्ये गेल्या काही वर्षांत गिधाडांची संख्या काही प्रमाणात सावरताना दिसते आहे.

गिधाडं परतली की भटकी कुत्री कमी होतील?

इतकं सरळ उत्तर नाही. मढी खाऊन वाढणारी कुत्री प्रामुख्याने गावाबाहेर आणि शहरांच्या कडेला असतात. शहरातल्या गल्लीबोळांतल्या कुत्र्यांचं पोट भरतं ते उघड्यावरच्या कचऱ्यावर, हॉटेलांच्या आणि मांसविक्रेत्यांच्या उरल्यासुरल्यावर. नसबंदी आणि लसीकरण रखडणं हे तिथलं मोठं कारण आहे.

त्यामुळे आजच्या कुत्र्यांच्या प्रश्नाचं सगळं खापर गिधाडांच्या ऱ्हासावर फोडणं चुकीचं ठरेल. पण दोन्ही प्रश्नांची घडण सारखीच आहे. कुत्र्यांची संख्या त्यांना मिळणाऱ्या अन्नावर ठरते आणि ते अन्न माणसंच उघड्यावर टाकत असतात. कोपऱ्यावर फेकलेली उष्ट्याची पिशवी आणि माळावर सडणारं मढं, दोन्हीचा परिणाम ते टाकणाऱ्याच्या दारात थांबत नाही.

आपल्या हातात काय आहे?

घरी जनावरं असतील तर पशुवैद्यकाला औषधाचं नाव विचारता येतं. मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक अॅसिड ही गिधाडांसाठी सुरक्षित ठरलेली वेदनाशामकं आहेत. माणसांसाठीचं इंजेक्शन जनावराला देऊ नये. गेल्या काही दिवसांत वेदनाशामक दिलेलं जनावर मेलं आणि औषध नेमकं कोणतं होतं हे माहीत नसेल, तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरावं.

औषध दुकानदाराच्या हातात याहून जास्त आहे. ‘जनावरासाठी हवंय’ असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला डायक्लोफिनॅक नाकारणं हे या साखळीतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक पाऊल आहे.

कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान १५ मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून रेबीजची लस सुरू करावी. चुना, हळद, मिरची यांच्या नादी लागू नये. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीज जवळपास नेहमीच जीवघेणा ठरतो.

उरलेलं काम सरकारचं आहे. जनावरांसाठी येणाऱ्या प्रत्येक नव्या वेदनाशामकाची गिधाडांवरची सुरक्षितता ते बाजारात येण्याआधी तपासली जावी, अशी मागणी पक्षितज्ज्ञ अनेक वर्षं करत आहेत. आजवर झालं ते उलट क्रमाने. आधी औषध दुकानात पोहोचलं, मग गिधाडं मेली, मग अभ्यास झाला आणि सगळ्यात शेवटी बंदी आली. पुढचं औषध याच वाटेने गेलं, तर या वेळी थोडीच गिधाडं उरली आहेत.